पाऊणशें रुपयांचें व्रत

ध्येय आणि सुख यांची गांठ एखाद्या चव्हाठ्यावर पडते, तेथें उभा राहिलेला मनुष्य एक वाट कायमची सोडतो व दुसरी कायमची धरतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. चरित्रकारही ती समजूत दृढ करीत असतात. सरकारी नोकरीचा राजीनामा, भरल्या ताटावरून उठून जाणें, मित्रांनीं मिळून केलेला निर्धार, हीं चित्रें रंगविण्यास सोपीं आणि वाचणाऱ्याच्या मनावर ठसणारीं असतात. परंतु अशा राजीनाम्यानंतरचीं दहा-पंधरा वर्षें कोणी बारकाईनें पाहूं लागला, तर त्याला निराळेंच दृश्य दिसतें. सुखाचा त्याग एका दिवसांत करतां येतो. सुखाचा प्रश्न मात्र त्या दिवशीं सुटत नाहीं. वाण्याच्या यादीच्या रूपानें, मुलाच्या आजारपणाच्या रूपानें, बरोबरीच्या मित्राला मिळालेल्या बढतीच्या रूपानें तो दर महिन्यास पुन्हा दारांत येऊन उभा राहतो. ध्येयवादी मनुष्याची खरी कसोटी लागते ती या मासिक भेटींत.

महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत या भेटीचा हिशेब जितका स्पष्ट लिहिलेला सांपडतो तितका अन्यत्र क्वचितच सांपडेल. तो हिशेब म्हणजे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा आणि त्यांतून निघालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा १८८० पासून १८९० पर्यंतचा इतिहास. या दहा वर्षांचें वर्णन बहुधा दोन प्रकारें केलें जातें. कोणी त्यांतील स्वार्थत्यागाचें स्तोत्र गातो, तर कोणी टिळक-आगरकरांच्या भांडणाची उजळणी करतो. हे दोन्ही विषय वस्तुतः एकच आहेत. स्वार्थत्याग किती करावयाचा आणि कोणाच्या जिवावर करावयाचा, या प्रश्नावरूनच तें भांडण पुष्कळ अंशीं पेटलें.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्यानंतरच्या पहिल्या पिढींतील पदवीधराला सरकारी खात्यांचे दरवाजे उघडे होते. शिक्षणखातें, मुन्सफी, मामलत, आणि कायद्याची परीक्षा दिली असल्यास वकिली, असा राजमार्ग त्याच्यापुढें आंखलेला असे. घरांत एक मुलगा बी. ए. झाला म्हणजे चार बहिणींचीं लग्नें आणि वडिलांचें कर्ज यांची चिंता मिटली, असा त्या काळचा हिशेब होता, आणि तो चुकीचाही नव्हता. विष्णुशास्त्री चिपळूणकर तर शिक्षणखात्याच्या सावलींतच वाढलेले. त्यांचे वडील कृष्णशास्त्री त्या खात्यांत मानाच्या हुद्द्यावर चढले होते. विष्णुशास्त्री स्वतः सरकारी शाळेंत शिक्षक होते आणि १८७४ च्या जानेवारीपासून 'निबंधमाला' काढीत होते. पुढें त्यांची बदली रत्नागिरीस झाली, आणि १८७९ सालीं त्यांनीं नोकरी सोडून पुण्यास स्वतःची शाळा काढण्याचा बेत केला. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजांतील दोन मित्र, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर, हाच विचार करीत होते. १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें. महादेव बल्लाळ नामजोशी प्रारंभापासून त्या उद्योगांत होते, वामन शिवराम आपटे लौकरच येऊन मिळाले, आणि एम. ए. ची परीक्षा आटोपून आगरकर पुढच्या वर्षीं दाखल झाले.

या मंडळींपैकीं टिळक आणि आगरकर हे एकाच वर्षीं, १८५६ सालीं, जन्मलेले. दोघेही सारखेच बुद्धिमान आणि सारखेच हट्टी. परंतु एका बाबतींत त्यांचें जन्मापासून अंतर होतें, आणि पुढील हकीकत समजण्यास तें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. टिळकांच्या घरीं थोडी कां होईना, वडिलार्जित शेती व शिल्लक होती. आगरकरांच्या घरीं दारिद्र्याखेरीज कांहीं नव्हतें. कऱ्हाडाजवळच्या टेंभू गांवचा हा मुलगा आधीं कऱ्हाडास, मग अकोल्यास, नातलगांच्या व शिक्षकांच्या आधारानें शिकला आणि शिष्यवृत्त्यांवर कॉलेजांतून पार पडला. एम. ए. ची परीक्षा जवळ आली असतां त्यांनीं आईला पाठविलेलें पत्र प्रसिद्धच आहे. मुलाला आतां मोठ्या पगाराची जागा मिळेल हें स्वप्न तिनें मनांतून काढून टाकावें, पोटापुरतें मिळवून उरलेला सारा वेळ परहितांत घालविण्याचा आपण निश्चय केला आहे, असा त्या पत्राचा आशय होता. हें पत्र आपण आगरकरांच्या बाजूनें नेहमींच वाचतों. तें जिच्या हातीं पडलें त्या माउलीच्या बाजूनें क्वचित् वाचतों. तिनें कोणतेंही व्रत घेतलें नव्हतें.

पहिल्या चार वर्षांत अशा विचाराला फुरसतच नव्हती. १८८१ च्या जानेवारींत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. १८८२ सालीं विष्णुशास्त्री वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं वारले. त्याच वर्षीं कोल्हापूर-प्रकरणांतील अब्रुनुकसानीच्या खटल्यांत टिळक व आगरकर यांना शिक्षा होऊन त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढले. शाळेची कीर्ति मात्र वाढत होती. हंटर कमिशनपर्यंत ती पोंचली आणि तेथें तिची वाखाणणी झाली. उत्साहाच्या भरतीच्या वेळीं गरिबी टोंचत नाहीं, उलट ती अंगावरच्या भूषणासारखी वाटते. अडचण येते ती भरती ओसरून रोजच्या कामाची वहिवाट पडूं लागली म्हणजे.

ती वहिवाट १८८४ सालीं पडली. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज उघडलें. आतां मित्रांच्या निश्चयाला नियमांचें रूप देणें भाग पडलें. संस्था चालविणारे ते 'आजीव सभासद' ठरले. प्रत्येकानें वीस वर्षें संस्थेची सेवा करावी, महिना पाऊणशें रुपये घ्यावे, आणि संस्थेनें प्रत्येकाचा तीन हजारांचा आयुष्याचा विमा उतरावा, अशी ती योजना होती. प्रिन्सिपॉल असो वा शाळेंतील शिक्षक असो, आजीव सभासद म्हणून सर्वांची योग्यता सारखी, आणि संस्थेचा कारभार त्यांच्याच मतानें चालावयाचा.

या योजनेंतील शहाणपण आज सहजासहजीं लक्षांत येत नाहीं. तोंपर्यंत आपल्याकडे त्यागाचीं दोनच रूपें परिचित होतीं. एक संन्याशाचें, ज्यांत संसारच नसतो. दुसरें दात्याचें, ज्यांत आधीं पैसा मिळवून मग तो वांटावयाचा असतो. या तरुणांनीं तिसरें रूप शोधून काढलें. संसारी राहावयाचें, परंतु संसाराला लागणारा आंकडा आधींच ठरवून टाकावयाचा. पाऊणशें रुपयांत त्या काळीं मध्यम स्थितींतील कुटुंब काटकसरीनें चालूं शकत असे. चैन त्यांत नव्हती आणि उपासमारही नव्हती. आंकडा एकदां ठरला म्हणजे मनांतील रोजचा झगडा थांबतो, आणि त्यांत खर्ची पडणारी शक्ति वर्गांत, लेखांत व ग्रंथांत लावतां येते, अशी त्यामागची कल्पना होती.

झगडा मात्र थांबला नाहीं. १८८७ च्या सुमारास पगारवाढीचा प्रश्न निघाला आणि त्याच्या पाठोपाठ बाहेरच्या मिळकतीचा. आजीव सभासदानें फावल्या वेळांत पुस्तक लिहून, पत्र चालवून किंवा दुसरें एखादें काम पत्करून चार पैसे मिळवावे कीं नाहीं? टिळकांचें उत्तर निश्चित होतें. त्यांच्यापुढें जेसुइट पाद्र्यांचा आदर्श होता. संस्थेला द्यावयाचें तें सर्व आयुष्य द्यावें. कोणी आपला वेळ बाहेर विकूं लागला कीं संस्थेच्या वांट्याला त्याची उरलीसुरली शक्ति येणार. आणि एकाला बाहेरची प्राप्ति व दुसऱ्याला ती नाहीं असें झालें म्हणजे समानता संपली, असें त्यांचें म्हणणें. आगरकरांचें उत्तर निराळें होतें. आम्ही संन्यासी नाहीं, आम्हांला बायकामुलें आहेत, पाऊणशें रुपयांत आजारपण व अडीअडचणी निभत नाहींत. संस्थेचें काम चोख केल्यावर उरलेल्या वेळाचा मालक ज्याचा तोच असला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

हा वाद निव्वळ पैशाचा होता असें म्हणणें दोघांवरही अन्याय करण्यासारखें होईल. सामाजिक सुधारणेच्या बाबतींत दोघांचीं मतें कधींच फांकलीं होतीं. आगरकरांनीं १८८७ सालीं 'केसरी' सोडला आणि १८८८ सालीं 'सुधारक' काढला. स्वभावांचे कंगोरेही होतेच. तरी पैशाचा वाद म्हणजे नुसतें निमित्त नव्हे. ज्याच्या पाठीशीं थोडी वडिलार्जित पुंजी आहे त्याला कडक नियम सुचतो, आणि ज्यानें उपासमार पाहिली आहे त्याला त्या नियमाची धार पोराबाळांच्या अंगीं लागलेली दिसते, एवढें मनुष्यस्वभावाला धरून आहे. टिळक संस्थेच्या बाजूनें बोलत होते, आगरकर घराच्या बाजूनें. दोघांनाही दुसऱ्याच्या बोलण्यांत मूळच्या शपथेची पायमल्ली दिसत होती, ही त्यांतील शोकांतिका होय.

शेवटची ठिणगी १८९० सालीं पडली. तरुण गोपाळ कृष्ण गोखले हे १८८५ पासून शाळेंत होते व पुढें आजीव सभासद झाले होते. त्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें. संस्थेच्या मनुष्यानें बाहेरचें एवढें मोठें काम अंगावर घेणें टिळकांना मूळ तत्त्वाच्या विरुद्ध वाटलें. बहुमत त्यांच्या बाजूचें राहिलें नव्हतें. ऑक्टोबरांत त्यांनीं राजीनामा दिला आणि डिसेंबरांत त्याचीं कारणें सांगणारें एक दीर्घ निवेदन सादर केलें. जी संस्था त्यांनीं उभारली, जिच्यासाठीं दहा वर्षें वेचलीं, तिच्यांतून वयाच्या चौतिसाव्या वर्षीं ते बाहेर पडले.

येथून पुढचा भाग मला या सर्व इतिहासांत अत्यंत मननीय वाटतो. बाहेरच्या मिळकतीला कडाडून विरोध करणाऱ्या टिळकांना आतां स्वतःची मिळकत शोधणें प्राप्त झालें. त्यांनीं कायद्याचा वर्ग चालविला आणि लातूरला सरकी काढण्याच्या कारखान्यांत भागीदारी केली. १८९१ सालीं 'केसरी' आणि 'मराठा' हीं पत्रें डोक्यावरच्या कर्जासह त्यांच्या एकट्याच्या मालकीचीं झालीं. टिळकांनीं आपलें तत्त्व सोडलें, असा याचा अर्थ नाहीं. पोटाच्या उद्योगाला त्यांनीं एका कोपऱ्यांत बसविलें आणि राष्ट्रकार्याचें आंगण मोकळें ठेवलें. तथापि फावल्या वेळांत मिळवून उरलेला वेळ देशाला देणें हें आगरकरांच्या भूमिकेचेंच एक रूप होतें, हें नाकारतां येत नाहीं.

उलट दिशेनें पाहूं. ज्या गोखल्यांच्या चिटणीसपदावरून स्फोट झाला, त्यांनीं १९०२ सालीं कॉलेजची सेवा संपविली, आणि १२ जून १९०५ रोजीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. त्या समाजांत शिरणाऱ्यानें सात शपथा घ्यावयाच्या असत. त्यांपैकीं एक अशी कीं, समाज जी तरतूद करूं शकेल तिच्यांत तो आपल्यासाठीं व आपल्या कुटुंबासाठीं संतोष मानील, आणि आपल्या शक्तीचा कोणताही भाग स्वतःकरितां पैसा मिळविण्यांत घालविणार नाहीं. हें तर १८९० सालच्या टिळकांचेंच म्हणणें! ज्या नियमाखालीं तेव्हां गोखल्यांना कोंडल्यासारखें वाटलें असेल, तोच नियम त्यांनीं पंधरा वर्षांनीं स्वतःच्या हातानें, आणखी कडक करून, लिहिला.

या उलटापालटीवरून कोणी दोघांनाही दांभिक ठरवील, तर त्याला इतिहास कळला नाहीं असें मी म्हणेन. मला त्यांत दोन प्रामाणिक माणसें अनुभवानें एकमेकांच्या जवळ आलेलीं दिसतात, जरी त्यांनीं तें बोलून दाखविलें नाहीं. संस्था चालवितांना गोखल्यांना उमगलें कीं मर्यादा आंखली नाहीं तर माणसें वितळून जातात. संसार आणि चळवळ एकत्र ओढतांना टिळकांना कळून चुकलें कीं मर्यादा कितीही उच्च असली तरी घराला रोज दोन वेळां जेवावें लागतें.

आणि आगरकर? ते संस्थेंतच राहिले. आपट्यांच्या मृत्यूनंतर १८९२ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. पगारवाढीसाठीं भांडणारा हा मनुष्य स्वतः किती सुखांत राहिला? दम्यानें शरीर पोखरलेलें, 'सुधारका'पायीं समाजाचा रोष ओढवलेला, जिवंतपणीं त्यांची प्रेतयात्रा निघालेली, आणि १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं मृत्यु. मरणोत्तर त्यांच्यापाशीं एक पुरचुंडी सांपडली आणि तींत स्वतःच्या दहनाच्या खर्चापुरते रुपये त्यांनीं बाजूला बांधून ठेवले होते, अशी आठवण सांगतात. मेल्यावरही आपला भार कोणावर पडूं नये, ही ती वृत्ति. अशा मनुष्यानें घरासाठीं मागितलेले चार रुपये ऐषआरामाचे नव्हते. ज्यांनीं शपथ घेतली नव्हती त्यांच्या वतीनें केलेली ती मागणी होती.

या मुद्द्यावर आपल्याकडील त्यागाचीं वर्णनें नेहमीं मौन धरतात. पुरुष व्रत घेतो आणि उपास घरांतल्यांना घडतो. टिळक गेल्यानंतर गणित शिकविण्यासाठीं धोंडो केशव कर्वे १८९१ सालीं फर्ग्युसनमध्यें आले आणि १९१४ पर्यंत राहिले. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला आणि पगारांतून, मित्रांकडून, गांवोगांव हिंडून मिळेल तें त्यांत घातलें. त्यांच्या कार्याची थोरवी कोणी सांगावयास नको. परंतु त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचें 'माझें पुराण' वाचलें म्हणजे त्याच थोरवीची स्वयंपाकघराकडची बाजू दिसते. घरखर्चाची ओढाताण, मुलांच्या भविष्याची धास्ती, नवऱ्याविषयींचा अपार आदर आणि त्याच नवऱ्यावरचा रास्त राग, हें सर्व त्या बाईंनीं निर्मळ मनानें सांगितलें आहे. ध्येयवादाच्या इतिहासाला अशा पुस्तकांवांचून पूर्णता नाहीं.

म्हणूनच त्या जुन्या योजनेंतील तीन हजारांचा विमा मला पाऊणशें रुपयांइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा वाटतो. मूळच्या मंडळींपैकीं चिपळूणकर एकतिसांत, आपटे चौतिसांत, आगरकर अडतिसांत गेले. नामजोशीही १८९६ सालीं वारले. पहिल्या सोळा वर्षांत पांचांपैकीं एकटे टिळक उरले. विमा ही रुक्ष, व्यापारी गोष्ट. कोणत्याही चरित्रकाराच्या लेखणीला तिच्यामुळें स्फूर्ति येत नाहीं. परंतु मी स्वतःसाठीं कमी घेईन, ज्यांनीं कमी घेण्याचें कबूल केलेलें नाहीं त्यांना मात्र उघड्यावर टाकणार नाहीं, हें तत्त्व त्या कागदांत सामावलेलें होतें. टिळकांची मर्यादा आणि आगरकरांची काळजी, दोन्ही त्या मूळच्या करारांत शेजारीं शेजारीं नांदत होत्या. भांडणाच्या धुराळ्यांत एकेकानें एकेक उचलली आणि तीच सर्वस्व मानली.

या व्रतानें काय साधलें हेंही सांगितलें पाहिजे. १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, ज्यांना सरकारी खात्यांत अनेकपट पगार मिळाला असता, परत येऊन त्याच आजीव सभासदाच्या पगारावर १९०२ सालीं फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. गोखल्यांनंतर भारत सेवक समाजाची परंपरा चालली. महाराष्ट्रांत पुढें निघालेल्या कितीएक शिक्षणसंस्थांनीं आजीव सभासदत्वाची तीच पद्धत उचलली. संस्थापक भांडले, पांगले, अकालीं मेले. नियम टिकला, आणि त्या नियमानें साधारण कुवतीच्या माणसांकडूनही असाधारण काम करवून घेतलें. असामान्य पुरुषाला नियमाची गरज कमी असते. तुमच्याआमच्यासारख्यांना ती फार असते.

सुखवस्तु असणें हा दोष नव्हे. उघडेनागडेपणांत कोणतेंही ध्येय आपोआप वसत नाहीं, नाहीं तर आपला देश ध्येयवाद्यांनीं भरून गेला असता. दोष आहे तो सुखाचा आंकडा न ठरविण्यांत. सुशिक्षित मध्यम वर्गांतील मनुष्य क्वचितच ध्येयाला उघड नकार देतो. तो म्हणतो, एवढें घर होऊं दे, मुलाचें शिक्षण आटपूं दे, मुलीचें लग्न उरकूं दे, मग पाहूं. यांतील प्रत्येक वाक्य खरें असतें, प्रत्येक गरज रास्त असते, आणि शेवटीं एके दिवशीं निवृत्तीचा हार गळ्यांत पडलेला असतो. त्याला कोणी विकत घेतलेलें नसतें. "पुरे" हा शब्द उच्चारण्याची वेळ त्याला कधीं आली नाहीं, इतकेंच.

१८८४ सालच्या त्या तरुणांनीं तो शब्द उच्चारला आणि त्यापुढें आंकडा लिहिला. आंकडा थोडा चुकला असेल. त्यावरून ते भांडले आणि त्यांची मैत्री गेली. परंतु भांडतां येण्यासाठीं कागदावर कांहीं तरी लिहिलेलें असावें लागतें. आपल्या घरांतून तसा कागदच लिहिला जात नाहीं, म्हणून आपलीं घरें शांत असतात. नवराबायकोनीं, मुलें जाणतीं झालीं असल्यास त्यांनाही बरोबर घेऊन, एके संध्याकाळीं बसावें आणि आपल्याला किती पुरे, हा आंकडा एकविचारानें ठरवावा. ज्यांना उपास घडणार त्यांची संमति आधीं घ्यावी, त्यांची तरतूद आधीं करावी. त्यापलीकडे जो वेळ आणि जी शक्ति उरेल ती कोणाची, हा प्रश्न मग टाळतां येणार नाहीं.